सहाव्या ओळीतलं टिंब

१

मुलचेऱ्याच्या बसस्टँडसमोर नाजिया शेखचं ऑनलाइनचं दुकान आहे. आठ बाय दहाची खोली, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि भिंतीवरचा एक पंखा, जो चालू असताना कमी आणि बंद करताना जास्त कुरकुरतो. सातबारा, जातीचे दाखले, पीक विमा, परीक्षांचे फॉर्म, सगळं इथे होतं. पण नाजियाचा खरा जीव कंपन्यांच्या कामात. सहा वर्षं ती चंद्रपूरला एका सीएच्या हाताखाली होती आणि तिथून येताना एक खोड घेऊन आली होती. कुठलाही सरकारी नंबर दिसला, की तो फोडून बघायचा.

जीएसटीचा नंबर सत्तावीसनं सुरू झाला, की महाराष्ट्र. पॅनमधलं चौथं अक्षर सी असलं की कंपनी, पी असलं की माणूस. आणि कंपनीचा मुख्य ओळख क्रमांक, तो एकवीस अक्षरांचा, तिला अख्खी जन्मपत्रिका वाटायचा. लोक एवढा लांबलचक नंबर बघून घाबरतात आणि आमच्या पोरीला तो बघून भूक लागते, असं तिचे अब्बा बशीरभाई म्हणायचे.

फेब्रुवारीच्या शेवटी रेंगाटोल्याच्या बायांची कंपनी मंजूर झाली. मोहाची फुलं, चारोळी, हिरडा वेचणाऱ्या बाया. दहा सभासद, त्यातल्या पाच संचालक. प्रमाणपत्र घ्यायला दोघी आल्या. एक वच्छलाबाई, साठीच्या, गावात जिच्या शब्दावर बाया उठतात-बसतात अशी. दुसरी दिव्यानी, तेवीस वर्षांची, बी.कॉम., नागपूरची नोकरी सोडून गावात परत आलेली. कंपनीचं खूळ तिचंच. व्यापाऱ्याच्या दारात टोपली घेऊन उभं राहायचं नाही, आपला माल आपण विकायचा, हे ती दोन वर्षं बायांच्या कानीकपाळी ओरडत होती.

"हा एवढा मोठा नंबर काहाले देते सरकार?" वच्छलाबाईंनी विचारलं.

नाजिया खूश झाली. तिनं पेन घेतलं आणि नंबराचे तुकडे पाडले. "हे पहिलं अक्षर यू. म्हणजे तुमचे शेअर बाजारात नाहीत. हे पाच आकडे धंद्याचे. एमएच म्हणजे महाराष्ट्र. हे साल, यंदाचं. ही तीन अक्षरं कंपनीच्या जातीची. आणि शेवटचे सहा आकडे फक्त तुमचे. जगात दुसऱ्या कोणाचे नाहीत."

"म्हंजे आमाले आता कोनी विसरू शकत नाई," दिव्यानी म्हणाली आणि खळखळून हसली.

दोघी प्रिंट छातीशी धरून गेल्या. नाजियानं कौतुकानं पुन्हा पडद्याकडे बघितलं आणि खाली संचालकांच्या यादीवर आली. संचालकालाही नंबर असतो, आठ आकड्यांचा, माणसाला एकदाच मिळतो आणि जन्मभर राहतो. वच्छला, बायना, चंचल, नूतन, दिव्यानी. पाच नावं, पाच नंबर.

त्याच्या खाली सहावी ओळ होती.

२

नाजिया आधी स्वतःवर चिडली. चूक कुठून आली ते तिला लगेच आठवलं. जानेवारीत तिनं फोनवर विचारलं होतं, "संचालक किती?" आणि वच्छलाबाई म्हणाल्या होत्या, "सहा." तिनं फॉर्मच्या पहिल्या पानावर सहा टाकले. मग कागद आले पाच जणींचे. पाच आधार, पाच फोटो, पाच सह्या. तिनं सहा खोडून पाच केले. पोचपावती तिच्याकडे होती, तिच्यावर स्पष्ट पाच होते.

मग हा सहावा नंबर कोणाला दिला? आणि कोणत्या कागदांवर?

नावाच्या जागी नुसतं एक टिंब होतं. ह्याचं तिला आश्चर्य वाटलं नाही. ज्याला आडनाव नाही त्याचा रकाना रिकामा सोडता येत नाही, म्हणून ऑपरेटर टिंब देतात. पण इथे नावाला टिंब, आडनावाला टिंब, वडिलांच्या नावाला टिंब. पत्ता तेवढा पूर्ण, मुक्काम रेंगाटोला.

तिनं नंबर फोडायला घेतला आणि तिचा हात माउसवर थांबला. पाच जणींचे नंबर एकानं सुरू होत होते, आजकाल सगळ्यांचे होतात. सहाव्याची सुरुवात शून्यानं होती. एक नाही, लागोपाठ पाच शून्यं. म्हणजे संचालकांना नंबर द्यायची योजना सुरू झाली तेव्हाच्या अगदी पहिल्या खेपेतला नंबर. तेव्हा रेंगाटोल्यात वीजसुद्धा नव्हती.

दुसरी कोणी असती तर तक्रार टाकून चहा प्यायला गेली असती. नाजियानं तो नंबर शोधाच्या चौकटीत टाकला. हा माणूस आणखी कुठे संचालक आहे?

एक कंपनी निघाली. भामरागडकडची, बांबूची, नऊ वर्षांपूर्वीची, आता बंद पडलेली. तिथेही आधी सहा संचालक होते. मग शून्यांच्या ह्या नंबराला काढलं होतं, कारण, राजीनामा. उरलेल्या पाचांची यादी खाली होती. चार नावं. पाचव्या ओळीत पुन्हा एक टिंब, पण नंबर वेगळा, नवा, सरळसाधा.

एका कंपनीत दोन टिंबं? भरणाऱ्याला कंटाळा आला असेल, असं नाजियानं स्वतःला सांगितलं. चंद्रपूरला तिनं असले कंटाळलेले लोक पुष्कळ बघितले होते. तरी तिनं त्या पानाची प्रिंट काढली. प्रिंटर गरगरला आणि कागद बाहेर आला. तिनं तो टेबलावर पालथा ठेवला. का पालथा ठेवला, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

३

बँकेचा माणूस शुक्रवारी रेंगाटोल्यात येणार होता. खातं उघडायला कंपनीच्या प्रत्येक संचालकाचा अंगठा हवा. यादीत सहा म्हणजे अंगठे सहा. आणि मोह दहा-बारा दिवसांवर आला होता. खातं नाही तर खरेदीदार नाही, आणि खरेदीदार नाही तर ह्याही वर्षी बाया टोपल्या घेऊन व्यापाऱ्याच्या दारात. हे सगळं एका टिंबापायी. नाजियानं मंगळवारी स्कूटी काढली.

कंपनीचं कार्यालय म्हणजे वच्छलाबाईंच्या घराची पुढची खोली. दाराशी बिरजू पेंटरनं पाटी रंगवली होती, कंपनीचं नाव आणि खाली तो एकवीस अक्षरांचा नंबर, कायद्याप्रमाणे. आत सारवलेली जमीन, कोपऱ्यात मोह झेलायच्या नव्या जाळ्यांच्या गुंडाळ्या. खोली थंड होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत अंगावर हलका काटा येत होता.

पाची जणी भिंतीला टेकून बसल्या होत्या. चंचलनं काळा चहा आणला. नाजियाची नजर आकड्यांवर जायचीच. थाळीत सात कप होते. पाच जणी आणि आपण, सहा. एक कप नूतन आणि बायना यांच्या मधल्या मोकळ्या जागेसमोर ठेवला गेला. कोणी त्याच्याकडे बघितलं नाही.

"वच्छलाबाई, तुम्ही मला फोनवर सहा का सांगितलं होतं?"

"तसंच मोजतो आमी." त्या पदरानं कपाचा कान पुसत होत्या. "जंगलात पाच जनी गेल्या त सहा म्हनायचं. जाताना सहा, येताना सहा. वरचा एक मोजायचा. जंगलाले आपला खरा आकडा सांगायचा नाई."

"का?" नाजियानं विचारलं.

"आता काऊन म्हंजे? माही सासू मोजे, तिची सासू मोजे. तू रस्ता ओलांडतानी दोन्हीकडं पाह्यतेस, त तुले कोनी काऊन म्हनते का?"

बाया हसल्या. नाजियाही हसली. मग तिनं अडचण सांगितली. यादीत सहावा आहे, बँक त्याचा अंगठा मागणार. त्याला यादीतून काढायचा फॉर्म असतो, दोन दिवसांचं काम.

हसणं थांबलं. बायनानं मधल्या जागेतला कप हळूच भिंतीकडे सरकवला.

"काढू नोको," वच्छलाबाई म्हणाल्या.

"पण मावशी, खातं निघनार नाई," दिव्यानी पुढे सरकली. "दोन वर्सं झाले मी दारोदार फिरून राह्यली. एका टिंबासाठी सारं सोडू का? कोनी मानूस आहे का तो? मले दाखवा, मी त्याच्या पाया पडतो."

"भामरागडच्या बांबूवाल्यायनंबी काढला होता," वच्छलाबाई म्हणाल्या.

नाजियाच्या पर्समध्ये ती पालथी प्रिंट होती. "मग काय झालं?"

"मंग कंपनी नाई चालली."

एवढं म्हणून त्या उठून जाळ्या उलगडायला लागल्या. निघताना नाजियानं कप बघितले. सहा रिकामे होते. सातवाही रिकामा होता, पण तो बायनानं प्यायला असेल. नाजियानं असं ठरवून टाकलं आणि स्कूटीला किक मारली.

४

बुधवारी दुपारी दिव्यानी एकटीच दुकानात आली. डोळे लाल, पण हनुवटी वर.

"ताई, फॉर्म भरा. सही मी करतो."

"वच्छलाबाई?"

"त्या म्हनते, तुमाले करायचं असन त करा, मी नाई म्हननार नाई, हो बी म्हननार नाई."

नाजियानं तिच्याकडे बघितलं. ही मुलगी तिला आवडायची. तेविसाव्या वर्षी चंद्रपूरला सीएच्या टेबलाशी उभी राहिलेली नाजिया तिला आठवायची, तशीच ताठ, तशीच आतून धास्तावलेली. शिवाय मुळात चूक कोणाची? फोनवर सहा ऐकून सहा टाकणारी कोण? आपण केलेली घाण आपणच निस्तरावी, एवढाच विचार तिनं केला. भीतीचा विचार केला नाही, कारण भीती वाटते हे तिला कबूल करायचं नव्हतं.

फॉर्ममध्ये कारणाचा रकाना होता. त्यात दोनच पर्याय उघडत होते, राजीनामा आणि मृत्यू. नाजियानं राजीनामा निवडला. त्यावर लाल अक्षरं आली, राजीनाम्याचं पत्र जोडणं बंधनकारक.

"त्यात काय," दिव्यानी म्हणाली. तिनं कोरा कागद ओढला आणि आपल्या गोल अक्षरात लिहिलं, मी माझ्या मर्जीनं संचालकपद सोडत आहे. खाली सहीची जागा आली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"नाव नाई, त सही कसी करन तो?"

"राहू दे दिव्यानी, आपण तक्रार टाकू. पंधरा दिवस लागतील."

"पंधरा दिवसांत त मोह पडाले लागते, ताई."

आणि तिनं सहीच्या जागी एक टिंब दिलं. साधं, बॉलपेनचं. पण पेन तिथे जरा जास्त वेळ टेकलं आणि शाई कागदाच्या पाठीमागून उमटली.

नाजियानं पत्र स्कॅन केलं, जोडलं, दिव्यानीची डिजिटल सही लावली, चंद्रपूरच्या कंपनी सेक्रेटरी मॅडमची घेतली आणि बटण दाबलं. असल्या फॉर्मला एरवी कधी तास लागतो, कधी दिवस. हा फॉर्म मात्र पंखा बंद करून कुरकुर थांबायच्या आत मंजूर झाला.

५

शुक्रवारी बँकेचा राजदीप अंगठ्याचं यंत्र घेऊन रेंगाटोल्यात आला. नाजिया मुद्दाम गेली. खोलीत त्याच जाळ्या, तोच गारवा. यंत्रावर बोट ठेवलं की लाल उजेड लागायचा, ओळख पटली की बारीक शिट्टी वाजायची.

वच्छलाबाई, शिट्टी. बायना, शिट्टी. चंचल आणि नूतन, दोन शिट्ट्या.

दिव्यानीनं अंगठा ठेवला. उजेड लागला. शिट्टी वाजली नाही.

"बोट पुसा," राजदीप म्हणाला. "कामानं रेषा झिजतात. ह्या भागात लई होते."

तिनं पदराला बोट पुसलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा नाही. नाजिया मनात म्हणत होती, की हिचा तर अंगठा सगळ्यांत कोवळा, ही नागपूरला एसीत बसत होती. चौथ्यांदा दिव्यानीनं असा जोर लावला की नख पांढरं पडलं, आणि शिट्टी वाजली.

खातं उघडलं. बायांनी गूळ वाटला. दिव्यानी उड्या मारायची तेवढी बाकी होती. ह्या वेळी चहाचे कप मोजून सात होते, पाच जणी, राजदीप आणि नाजिया. नाजियानं दोनदा मोजले आणि तिला हायसं वाटलं.

"आता कागदावर पाच झाल्या," वच्छलाबाई तिला दाराशी म्हणाल्या, "त जंगलातबी पाचच म्हना लागन. लिहून दिलं न तुमी." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर नाजियाला बरं वाटलं असतं.

६

मोह पडायला लागला. गावागावांतून तो गोडसर, आंबूस वास मुलचेऱ्यापर्यंत यायचा. बाया पहाटे जात आणि ऊन चढायच्या आत परतत.

एक दिवस नाजियानं दुकान सातलाच उघडलं, सकाळी पोर्टल हलकं चालतं म्हणून. रेंगाटोल्याच्या पहिल्या विक्रीसाठी कंपनीची ताजी माहिती काढायची होती. तिनं एकवीस अक्षरं टाकली. तिला ती आता पाठ होती.

संचालक पाच. शून्यांचा नंबर गेला होता. पाची नंबर एकानं सुरू होणारे, बरोबर, तेही तिला पाठ होते. वच्छला. बायना. चंचल. नूतन. पाचवा नंबर दिव्यानीचा, आठही आकडे तेच.

त्याच्यासमोर नावाच्या जागी टिंब होतं.

नाजियानं पान बंद करून पुन्हा उघडलं. टिंब. मग तिनं पर्स उघडली आणि ती बांबूच्या कंपनीची प्रिंट काढली. चार नावं, आणि नव्या, सरळसाध्या नंबरासमोर एक टिंब. तो कंटाळलेला ऑपरेटर नव्हता. तिथेही कोणाचं तरी नाव होतं. तिनं मोबाइलवर दिव्यानीचा नंबर शोधला. तिनं फोन लावला.

पाचव्या रिंगला उचलला. मागे वाळलेल्या पानांचा आवाज येत होता.

"बोला ताई! टेकडीवर आहो, म्हनून रेंज आहे. लय मोह पडला यंदा."

"दिव्यानी, तुम्ही किती जणी आहात?"

"पाच. आता काय सहा म्हनायचं काम नाई," ती हसली.

"मोजून सांग. आत्ता."

"काय झालं ताई? बरं, मोजतो. निघूनच राह्यल्या सगळ्या. वच्छलामावशी एक. चंचल दोन. नूतन तीन. बायनामावशी चार. ते पुढं टोपली घेऊन एक पाठमोरी आहे, पाच."

"तुला धरून पाच?"

पानांचा आवाज. मग दिव्यानी बोलली तेव्हा तिचा आवाज लहान झाला होता.

"नाई. मले सोडून पाच भरून राह्यले, ताई."

लांबून वच्छलाबाईंचा आवाज आला, रोजचा, कामाचा. "पाच. झालो पुऱ्या. चला."

"मावशी! मी इथी आहो! मावशी, मांगं पाहा न!" दिव्यानी ओरडत होती. "ताई, कोनी पाहून नाई राह्यलं. मी त इथीच..."

काहीतरी पडल्याचा आवाज झाला. नंतर नुसती पानं. नाजिया खुर्चीतून उठून उभी राहिली होती. भिंतीवरचा पंखा बंद होता आणि कुरकुरत होता. ती दिव्यानीचं नाव घेत राहिली, घेत राहिली, जणू ते तोंडातून सुटलं तर हरवेल.

पावलं जवळ आली. कोणीतरी फोन उचलला.

"हॅलो? कोन बोलून राह्यलं?" वच्छलाबाई होत्या. "हा फोन इथी झाडाखाली पडला होता. आमच्यातल्या कोनाचा नाई. आमी त पाची जनी इथीच आहो."

"सहा!" नाजिया किंचाळली. "वच्छलाबाई, मी नाजिया. चूक माझी झाली, कागदावर मी पाच केलं. तुम्ही सहा आहात. तुमच्या सासूनं मोजलं तसं मोजा. आता मोजा, मोठ्यानं मोजा!"

पलीकडे टोपली खाली ठेवल्याचा आवाज झाला. वच्छलाबाई नाक ओढत श्वास घेत होत्या तेवढं ऐकू येत होतं. मग त्यांनी सुरुवात केली, हळू, एकेकीकडे बघत, लहान पोराला शिकवल्यासारखं.

"एक. दोन. तीन."

नाजियानं फोन कानाशी दाबला.

"चार."

पानं वाजायची थांबली.

"पाच," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि थांबल्या. "सहावी कोन?"